ग्रामीण परिचारिकांचे ऑनलाइन शिक्षण : निम्मे पोचले, निम्मे राहिले

इंदूरहून पश्चिमेला आणि दक्षिणेला निघाले की धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन हे जिल्हे लागतात. भिल्ल, भिलाला, बारेला समाजाच्या वस्त्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत आणि नर्मदेच्या पलीकडच्या काठावर आपला नंदुरबार जिल्हा आहे. या सगळ्या पट्ट्यातल्या अडलेल्या बाळंतिणीची शेवटची वाट बहुतेक वेळा इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात येऊन थांबते. इंदुरात वैद्यकीय शाळा सुरू झाली १८७८ साली आणि महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले १९४८ साली. म्हणजे वैद्यकीय ज्ञान या शहरात जवळजवळ दीडशे वर्षांपासून आहे. त्याची सर्वाधिक गरज मात्र इथून दीडदोनशे किलोमीटरवरच्या उपकेंद्रात आहे. तिथे डॉक्टर नसतो. असते ती एक परिचारिका.

हे अंतर मोबाइलच्या पडद्यावरून भरून काढता येईल का, हा या लेखाचा प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांत ग्रामीण परिचारिकांसाठी जे जे शिक्षण योजले गेले, त्यात एक भाग ऑनलाइन आणि एक भाग प्रत्यक्ष, अशी मिश्र पद्धत जवळजवळ गृहीत धरली गेली. ती कुठून आली, तिने काय साधले, कुठे ती अडली आणि तिच्याकडून काय मागायला हवे, याचा हा आढावा.

प्रश्न किती मोठा

नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८-२० च्या आकड्यांनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७, महाराष्ट्रात ३३ आणि मध्य प्रदेशात १७३ होते. सेंधव्याचा घाट उतरून महाराष्ट्रात शिरताना बाईच्या जिवाची जोखीम इतकी बदलते. २०१० साली एप्रिल ते नोव्हेंबर या काळात बडवानीत पंचवीसहून अधिक मातामृत्यू झाले. त्यानंतर लोक रस्त्यावर उतरले आणि जनआरोग्य चळवळीतल्या अभ्यासकांनी जाऊन चौकशी केली. गरोदरपणातली तपासणी नावापुरती झालेली, रक्तक्षय ओळखूनही उपचार नाहीत, प्रसूतीच्या वेळी कुशल हात नाहीत आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नुसती पाठवणी, असे चित्र त्यांच्यापुढे आले. २०१२ च्या फेब्रुवारीत मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने मातामृत्यूंसंबंधीच्या जनहित याचिकेवर निकाल देताना, बाळंतपणात जीव न गमावणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले.

बडवानीच्या चौकशीत इमारत आणि औषधे यांच्या बरोबरीने पुढे आलेला मुद्दा कौशल्याचा होता. इमारत पैशाने बांधता येते. कौशल्य माणसात रुजवावे लागते आणि पुन्हा पुन्हा ताजे ठेवावे लागते. दुर्गम केंद्रावरची परिचारिका प्रशिक्षणाला निघाली की केंद्राला कुलूप लागते. ती आठ दिवस इंदूरला किंवा भोपाळला गेली तर त्या आठ दिवसांत येणाऱ्या बाळंतिणीने कुठे जायचे? मिश्र शिक्षणाची कल्पना या अडचणीतून जन्मली आहे, तंत्रज्ञानाच्या हौसेतून नाही.

आतापर्यंतची वाटचाल

आपल्याकडे याची सुरुवात इंटरनेटच्या आधीच झाली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९० च्या दशकात नोकरीतल्या जीएनएम परिचारिकांसाठी दूरशिक्षणाने बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम सुरू केला. टपालाने पुस्तके यायची, घरी अभ्यास व्हायचा आणि संपर्कवर्ग व प्रात्यक्षिके ठरलेल्या रुग्णालयात व्हायची. नोकरी न सोडता पदवी मिळवण्याची ती वाट अनेक परिचारिकांनी धरली.

आफ्रिकेत केनियाने याच विचाराला संगणकाची जोड दिली. तिथल्या बहुसंख्य परिचारिका प्रमाणपत्र पातळीच्या होत्या आणि त्यांना पदविकेपर्यंत न्यायला वर्गखोल्या पुरणार नव्हत्या. २००५ मध्ये ‘आम्रेफ’ या संस्थेने केनियाच्या नर्सिंग कौन्सिलबरोबर रुग्णालयांमध्येच संगणक ठेवून अभ्यासक्रम चालू केला. पाठ संगणकावर, प्रात्यक्षिक त्याच रुग्णालयातल्या वॉर्डात आणि देखरेखीला नेमलेला मार्गदर्शक. पाठ आणि वॉर्ड एका छताखाली होते, म्हणून हा प्रयोग आजही नमुना मानला जातो.

भारतात मोठा टप्पा आला तो २०१८ नंतर. आयुष्मान भारत योजनेत दीड लाख उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे ‘हेल्थ अँड वेलनेस सेंटर’ करायची ठरली. २०२३ च्या अखेरीस त्यांचे नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झाले. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला सीएचओ, नेमायचा होता आणि तो बहुतेक ठिकाणी परिचारिकांमधून यायचा होता. त्यासाठी सहा महिन्यांचा समुदाय आरोग्य प्रमाणपत्र अभ्यासक्रम आखला गेला. अनेक राज्यांत तो इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठामार्फत चालला, महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत. मुक्त विद्यापीठाच्या आराखड्यात सिद्धान्त स्वअध्ययनाने आणि प्रात्यक्षिक जिल्हा रुग्णालयात, अशी विभागणी होती. रक्तदाब-मधुमेहाची तपासणी, लहान मुलांचे आजार, गरोदर मातेची देखभाल, औषध देणे आणि वेळीच पुढे पाठवणे, हे सारे परिचारिकेने शिकायचे होते. पुढे हाच भाग बीएस्सी नर्सिंगच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात मिसळला गेला.

मग कोविड आला. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावर ‘आयगॉट’ हे प्रशिक्षण सुरू केले आणि पीपीई किट कसे चढवायचे व उतरवायचे इथपासून ऑक्सिजन लावण्यापर्यंतचे पाठ फोनवर आले. त्याच महिन्यात ‘ई-संजीवनी’ची ओपीडी सुरू झाली. आरोग्य केंद्रांसाठीची ‘ई-संजीवनी’ त्याआधी, नोव्हेंबर २०१९ मध्येच आली होती. उपकेंद्रातली परिचारिका रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरशी पडद्यावर बोलते, हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. त्या संवादात डॉक्टर दोन वाक्ये परिचारिकेला समजावून सांगण्यात घालवतो, तेव्हा तो सल्ल्याबरोबर शिक्षणही देतो. दुर्दैवाने ती दोन वाक्ये डॉक्टरच्या मर्जीवर सोडलेली आहेत. ती कामाचा ठरलेला भाग व्हायला हवीत.

पुरावा काय सांगतो

ऑनलाइन शिकवल्याने काही होते का, याचे उत्तर हवेत राहिलेले नाही. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या ई-शिक्षणाच्या सोळा चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. ई-शिक्षण आणि नेहमीचे शिक्षण यांत ज्ञान, कौशल्य, वागणूक किंवा रुग्णाला मिळणारा लाभ यांचा फारसा फरक दिसला नाही. वर्ग भरवणेच जिथे अवघड आहे, तिथे हा निष्कर्ष आशादायक आहे. त्या भागांसाठी फोनवरचा पाठ म्हणजे हलक्या प्रतीचे शिक्षण, असे मानायचे कारण नाही.

पण त्याच वर्षी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये अलेक्झांडर रो आणि सहकाऱ्यांचा आणखी मोठा आढावा आला. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आरोग्य कर्मचाऱ्यांचे काम नेमके कशाने सुधारते, हे त्यांनी शेकडो अभ्यासांतून तपासले. केवळ तंत्रज्ञान हाती दिले तर सुधारणा सुमारे एक टक्का बिंदू. केवळ छापील माहिती दिली तर दीडच्या आत. प्रशिक्षण किंवा देखरेख यांपैकी एक दिले तर दहा ते सोळा. दोन्ही मिळून अठराच्या आसपास. आणि कर्मचाऱ्यांनी एकत्र बसून आपल्याच केंद्रातल्या अडचणींवर उपाय शोधले तर अठ्ठावीस ते सदतीस. या शेवटच्या आकड्यामागचा पुरावा तितका भक्कम नाही, पण दिशा स्पष्ट आहे. माणूस माणसाजवळ जितका येतो, तितके काम सुधारते.

दूर राहूनही जवळ येण्याची एक रीत ‘प्रोजेक्ट एको’ने दाखवली. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये यकृततज्ज्ञ संजीव अरोरा यांच्याकडे हेपटायटिस-सीच्या रुग्णांना महिनोन्महिने थांबावे लागे. २००३ मध्ये त्यांनी दर आठवड्याला गावोगावच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना व्हिडिओवर एकत्र आणायला सुरुवात केली. एक छोटे व्याख्यान आणि त्यानंतर गावातल्या खऱ्या रुग्णाची केस. केस मांडायची गावातल्या माणसाने, सल्ला सगळ्यांनी द्यायचा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत गावात उपचार घेतलेले आणि विद्यापीठात उपचार घेतलेले रुग्ण सारख्याच प्रमाणात बरे झालेले आढळले. भारतात ‘एको इंडिया’ २००८ पासून काम करते आहे आणि बंगळूरच्या निमहान्सने मानसिक आरोग्यासाठी याच धर्तीचे वर्ग चालवले आहेत. या पद्धतीचे मर्म पडद्यात नाही. आपल्या गावचा रुग्ण घेऊन दर आठवड्याला त्याच माणसांपुढे बसण्यात आहे.

आपल्या भागाच्या जवळचा पुरावा गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने दिला. नैराश्यावरचा ‘हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ हा बोलण्याचा उपचार सामान्य समुपदेशकही देऊ शकतात, हे २०१७ मध्ये गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवरच्या चाचणीत दिसले. मग हाच उपचार मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवायचा प्रश्न आला, तेव्हा फोनवरून आणि समोरासमोर असे दोन्ही मार्ग आजमावले गेले. बेचाळीस जणांच्या प्राथमिक चाचणीत दोन्ही गटांचे ज्ञान वाढले. पण फोनच्या वाटेवर अडखळणाऱ्यांना हात द्यायला कोणीतरी हवे असते, हेही त्यातून कळले. अॅप उघडत नाही, रेंज नाही, पासवर्ड आठवत नाही, अशा कारणांनी अभ्यासक्रम मध्येच सुटतो. म्हणून त्यांच्या पुढच्या मोठ्या चाचणीत दूरध्वनीवरून आधार देणारी व्यक्ती हा वेगळा घटकच ठेवला गेला.

पडदा कुठे थांबतो

परिचारिकेच्या कामाचे दोन भाग जवळून पाहू. झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा किती आणि कशी द्यायची, प्रसूतीनंतर ऑक्सिटोसिन कधी टोचायचे, रक्तदाबाचा कोणता आकडा धोक्याचा, हे सारे फोनवर उत्तम शिकता येते. डेन्मार्कच्या ‘मॅटर्निटी फाउंडेशन’चे ‘सेफ डिलिव्हरी अॅप’ नेमके हेच काम करते आणि ते हिंदीतही आहे. छोट्या चलचित्रांतून पायऱ्या दाखवते, औषधांची यादी जवळ ठेवते आणि मध्यरात्री शंका आली तर उघडून पाहता येते. इथिओपियात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे अॅप वापरणाऱ्यांचे ज्ञान आणि कौशल्य सहा महिन्यांनी आणि वर्षानेही वरचढ राहिले. जन्माच्या आसपासचे बालमृत्यूही कमी दिसले, मात्र तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाला नाही.

आता दुसरा भाग. बाळ जन्मले आणि रडले नाही. पुसून कोरडे केले, पाठ चोळली, तरी श्वास नाही. पहिल्या मिनिटाच्या आत पिशवीने श्वास द्यायला हवा. मान किंचित मागे, नाकतोंडावर मास्क, अंगठा आणि तर्जनी मास्कवर गोलाकार दाबलेली, उरलेल्या तीन बोटांनी हनुवटी वर उचललेली. दुसऱ्या हाताने पिशवी दाबायची, मिनिटाला चाळीस ते साठ वेळा. मास्क जरा तिरपा झाला की हवा गालाजवळून निसटते आणि छाती वर येत नाही. जोर जास्त झाला तर फुप्फुसाला इजा. हे सारे परिचारिकेने पडद्यावर दहादा पाहिले असेल, परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले असतील, तरी हवा निसटते आहे हे तिच्या बोटांना कळत नाही. पेटीवादन यूट्यूबवर पाहून जसे बोटांत येत नाही, तसेच हे आहे. त्यासाठी रबरी बाहुली हवी आणि ‘मास्क थोडा खाली घ्या’ म्हणणारी शेजारी उभी असलेली अनुभवी सिस्टर हवी. शिवाय हे कौशल्य एकदा शिकून टिकत नाही. उपकेंद्रात महिन्याला पाच-सात बाळंतपणे होत असतील तर असे बाळ वर्षातून मोजक्याच वेळी समोर येते. सराव नसेल तर काही महिन्यांत हात विसरतात, हे नवजात शिशू प्रशिक्षणांच्या पाहणीत वारंवार दिसले आहे. म्हणून आठ दिवसांच्या शिबिरापेक्षा आठवड्याला दहा मिनिटे बाहुलीवर सराव, हा मार्ग आता अधिक योग्य मानला जातो.

हा प्रत्यक्ष भाग गावात नेता येतो, हे आपल्याच देशात दोनदा दिसले आहे. उत्तर कर्नाटकात, सोलापूरच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यासह, ‘सुक्षेमा’ प्रकल्पात अनुभवी परिचारिका वर्षातून अनेकदा प्राथमिक आरोग्य केंद्रांवर जाऊन मुक्काम करीत. तिथल्या सिस्टरबरोबर बाळंतपणाला उभ्या राहत, केसपेपर एकत्र पाहत, कपाटातली औषधे मोजत. बिहारमध्ये २०१५ पासून ‘अमानत’ कार्यक्रमात मार्गदर्शक परिचारिकांच्या जोड्या केंद्रोकेंद्री फिरल्या. तिथे ‘प्रोंटो’ संस्थेची खास विजार वापरली जाई. एक परिचारिका ती चढवून बाळंतिणीची भूमिका करायची, विजारीतून बाहुलीचा जन्म व्हायचा, खोटे रक्त वाहायचे आणि बाकीच्या जणी खऱ्यासारखी धावपळ करायच्या. नंतर सगळ्या खाली बसून काय चुकले ते बोलायच्या. दुखण्याने कण्हणाऱ्या बाईशी कसे बोलायचे, हेही त्यातच शिकले जायचे, कारण ती बाई त्यांच्यातलीच एक असायची.

महाराष्ट्राला हे परके नाही. जामखेडला १९७० मध्ये काम सुरू करणाऱ्या रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी गावच्या बायकांना आठवड्याच्या आठवड्याला बोलावून, बसवून शिकवले. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने तयार केलेल्या आरोग्यदूतांनी एकोणचाळीस गावांत नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आणले आणि तो निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हीकडे थोडे शिकवायचे, करून घ्यायचे, पुन्हा तपासायचे, ही रीत होती. तेव्हा स्मार्टफोन नव्हता. आज तो आहे, तर त्या रीतीचा वेग वाढायला हवा. रीतच गळून पडायला नको.

अडते कुठे

पहिली अडचण वेळेची. ‘लिंक पाठवली आहे, संध्याकाळपर्यंत पूर्ण करून सर्टिफिकेट ग्रुपवर टाका’ हा निरोप कोणत्याही ग्रामीण परिचारिकेला ओळखीचा आहे. लसीकरण, गृहभेटी, बाह्यरुग्ण, आणि त्यावर माता-बाल नोंदणी, क्षयरोग, असंसर्गजन्य आजार, लसीकरण यांची वेगवेगळी पोर्टले. त्यात शिकण्याचा वेळ कामाच्या तासांत धरलेलाच नसेल तर पाठ रात्री स्वयंपाकघरात, फोन बाजूला ठेवून चालतो. तो दोष परिचारिकेचा नाही. नोंदणी टिकवायला भारतीय परिचर्या परिषदेने पाच वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण सांगितले आहे. ते तास कुठून काढायचे, हे मात्र परिचारिकेवरच सोडलेले आहे.

दुसरी अडचण भाषेची. पाठ इंग्रजीत किंवा पुस्तकी हिंदीत असतो, बाई बोलते भिली, बारेली किंवा निमाडी. नंदुरबारच्या बाजूलाही पाठ प्रमाण मराठीत आणि रुग्ण पावरीत. औषधाची मात्रा कोणत्याही भाषेत शिकता येईल, पण ‘लोहाच्या गोळीने मळमळते, तरी का घ्यायची’ हे पटवायला रुग्णाच्या भाषेतलाच नमुना संवाद हवा.

तिसरी अडचण सगळ्यांत खोल आहे, ती पायाची. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग महाविद्यालयांची उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने तपासणी केली. २०२४ च्या सुरुवातीला पुढे आलेल्या आकड्यांनुसार ३०८ महाविद्यालयांपैकी १६९ योग्य ठरली, ७४ मध्ये त्रुटी होत्या आणि ६५ अयोग्य ठरली. पुढे तपास अधिकाऱ्यांनाच लाचेच्या आरोपाखाली अटक झाली आणि फेरतपासणी करावी लागली. या सगळ्यात हजारो विद्यार्थिनींच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. जिने शिकताना पुरेशा खाटांचे रुग्णालय पाहिलेच नाही, तिला नोकरीत आल्यावर व्हिडिओ दाखवून ती उणीव भरता येत नाही. अशा परिचारिकेसाठी मिश्र शिक्षणाचा प्रत्यक्ष भाग दुपटीने मोठा हवा.

निष्कर्ष

सगळा पुरावा एकत्र ठेवला तर निवाडा सरळ आहे. ऑनलाइन भाग उपयोगी आहे, स्वस्त आहे आणि तो पोचलाही आहे. प्रत्यक्ष भाग महाग आहे, मोजायला अवघड आहे, म्हणून तोच आधी कापला जातो. मग जे उरते त्याला मिश्र शिक्षण म्हणण्यात अर्थ नाही. कार्यक्रमाचे यश पूर्ण झालेल्या प्रमाणपत्रांवर मोजणे थांबवले पाहिजे. किती परिचारिकांच्या हाताखाली बाहुलीची छाती योग्य उचलली गेली, किती केंद्रांवर मार्गदर्शक तीन महिन्यांत येऊन गेली, हे मोजले पाहिजे.

त्यासाठी चार गोष्टी आज करता येण्यासारख्या आहेत. प्रत्येक प्रसूती केंद्रावर सरावाची बाहुली आणि पिशवी-मास्क. आठवड्यातले दोन तास शिकण्यासाठी, कामाच्या वेळेतले, लेखी मान्य केलेले. दर आठवड्याला इंदूरच्या तज्ज्ञांबरोबर खऱ्या केसवर चर्चा, ज्यात केस मांडणारी परिचारिका असेल. आणि फिरत्या मार्गदर्शक परिचारिका, ज्यांना त्या कामाचा पगार आणि गाडी मिळेल.

शेवटच्या गोष्टीसाठी माणसे शोधायला दूर जावे लागणार नाही. इंदूर, धुळे, नाशिक, जळगाव इथल्या मोठ्या रुग्णालयांतून दरवर्षी अनुभवी परिचारिका निवृत्त होतात. तीस-पस्तीस वर्षे प्रसूतिगृहात काढलेल्या या सिस्टर आपल्या ओळखीत, नात्यात, शेजारी आहेत. त्यांचे ज्ञान कोणत्याही अॅपमध्ये भरता आलेले नाही. राज्य सरकारांनी त्यांना मानधनावर मार्गदर्शक म्हणून नेमावे, नर्सिंग महाविद्यालयांनी त्यांची यादी करावी आणि इंदुरातल्या सामाजिक संस्थांनी, त्यात मराठी मंडळींच्या जुन्या संस्थाही आल्या, त्यांच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा भार उचलावा. झाबुआच्या उपकेंद्रात रात्री एकटी उभी असलेल्या परिचारिकेला फोन आपण दिला आहे. आता तिच्या शेजारी उभे राहणारे माणूस द्यायची जबाबदारी आपली आहे.